वाऱ्याचे भागधारक
मिडलग्रुंडन पवनचक्की सहकारी संघाची वाटचाल

कोपनहेगनच्या बंदराबाहेर, ओरेसुंडच्या सामुद्रधुनीत, एक लांबट उथळ पट्टा आहे. त्याचे नाव मिडलग्रुंडन. पाणी तिथे जेमतेम तीन ते पाच मीटर खोल. 2 एप्रिल 1801 रोजी नेल्सनचे ब्रिटिश आरमार डेन्मार्कवर चालून आले, तेव्हा त्याची ‘अ‍ॅगामेम्नॉन’, ‘बेलोना’ आणि ‘रसेल’ ही तीन लढाऊ जहाजे याच पट्ट्यावर रुतून बसली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात एक सागरी किल्ला उभा राहिला. बाकी सुमारे दोनशे वर्षे या जागेचा उपयोग एकच होता: बंदर उपसताना निघणारा गाळ शहराने इथे आणून टाकायचा. त्या गाळात कारखान्यांची घाण होती, पाऱ्यासारखे जड धातू होते. मासेमारीला फार मोलाची नाही, जहाजांना अडचणीची आणि शहराने उकिरड्यासारखी वापरलेली अशी ही जागा.

या जागेवर 2000 साली वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या. प्रत्येकी 2 मेगावॉट, एकूण 40 मेगावॉट. समुद्रात उभारलेला तो त्या वेळचा जगातला सर्वांत मोठा पवनऊर्जा प्रकल्प होता. वीसपैकी दहा चक्क्या शहराच्या वीज कंपनीच्या, आणि उरलेल्या दहा चक्क्यांचे मालक साडेआठ हजारांहून अधिक सामान्य नागरिक. शिक्षक, परिचारिका, निवृत्त कामगार, विद्यार्थी. त्यांच्या संघाचा हा इतिहास आहे.

डेन्मार्कमध्ये सहकार आणि वारा ही दोन्ही जुनी नावे. 1882 मध्ये पश्चिम जटलंडमधल्या येडिंग गावच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन देशातली पहिली सहकारी दुग्धशाळा काढली. गायी कितीही असोत, माणशी एक मत, हा नियम डॅनिश सहकारात तेव्हापासून मुरला. 1891 मध्ये पौल ला कूर या शिक्षकाने अस्कोवच्या लोकविद्यापीठात पवनचक्कीपासून वीज तयार करायला सुरुवात केली. खेड्यांनाही शहरांसारखा दिवा मिळाला पाहिजे, ही त्याची तळमळ होती. त्याने नुसते यंत्र केले असे नाही. खेड्यापाड्यांतल्या तरुणांना बोलावून पवन-विजेचे तंत्र शिकवले.

नंतर कोळसा आणि तेल स्वस्त झाले आणि ही विद्या मागे पडली. 1973 च्या तेलटंचाईने ती पुन्हा वर आणली. डेन्मार्कची जवळजवळ सगळी ऊर्जा तेव्हा आयात तेलावर चालत होती. सरकार अणुऊर्जेकडे वळू पाहत होते, आणि गावोगावचे लोक त्याला विरोध करत होते. पण नुसत्या विरोधावर ते थांबले नाहीत. क्रिस्टियान रीसागर या सुताराने घरच्या कारखान्यात चक्की बनवून ती थेट विजेच्या जाळ्याला जोडली. उल्फबोर्गजवळच्या त्विंडच्या शाळांत शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवकांनी मिळून दोन मेगावॉटची अजस्र चक्की बांधली. ती 1978 मध्ये फिरू लागली. त्याच वर्षी चक्कीमालकांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. शेजारीपाजारी पैसे जमवून एकेक चक्की विकत घेऊ लागले, आणि 1985 मध्ये संसदेने अणुऊर्जेचा पर्याय राष्ट्रीय नियोजनातून काढून टाकला.

तरी राजधानी या सगळ्यापासून जराशी दूरच होती. चक्क्या जटलंडच्या मोकळ्या माळावर. कोपनहेगनच्या सदनिकेत राहणाऱ्याने ती कुठे उभी करायची? या प्रश्नाला पहिले उत्तर कोपनहेगन पर्यावरण व ऊर्जा कार्यालयाने दिले. लोकांना वीज आणि उष्णता वाचवण्याचे मार्गदर्शन करणारी ही एक स्थानिक संस्था. तिच्या पुढाकाराने 1996 च्या सुमारास बंदराच्या तोंडाशी, लिनेटन येथे, प्रत्येकी 600 किलोवॉटच्या सात चक्क्या बसल्या. चार नागरिकांच्या सहकारी संघाच्या, तीन शहराच्या. शहर आणि नागरिक शेजारीशेजारी मालक होऊ शकतात हे लिनेटनने दाखवून दिले. पुढच्या मोठ्या उडीची ही रंगीत तालीम ठरली.

1996 मध्ये मिडलग्रुंडनच्या जागेसाठी अर्ज गेला. मे 1997 मध्ये मिडलग्रुंडन पवनचक्की सहकारी संघाची रीतसर स्थापना झाली आणि शहराच्या वीज कंपनीशी सहकार्याचा करार झाला. कामाची वाटणी चांगली होती. वीज कंपनीकडे अभियंते, केबल, निविदा आणि बांधकामाचा अनुभव, संघाकडे लोक. येन्स लार्सन आणि हान्स क्रिस्टियान सोरेन्सन हे दोघे या सुरुवातीच्या काळापासून प्रकल्पाशी निगडित होते. या प्रकल्पात काय साधले, काय फसले, हे दोघांनी पुढे इतर देशांतल्या मंडळींना मोकळेपणाने लिहून कळवले. संघाच्या वाटचालीचे बरेच तपशील आज बाहेरच्यांना ठाऊक आहेत, याचे श्रेय या मोकळेपणाला आहे.

पहिला आराखडा सत्तावीस चक्क्यांचा होता: प्रत्येकी दीड मेगावॉट, तीन रांगांत. अभियंत्याच्या कागदावर ती मांडणी चोख दिसत होती. मग जनसुनावणी झाली आणि हरकती आल्या.

त्या हरकती खऱ्या होत्या. चक्क्या शहराच्या अगदी दारात, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर उभ्या राहणार होत्या. राजधानीचा समुद्राकडचा चेहरा कायमचा बदलणार होता. तीन रांगा म्हणजे किनाऱ्यावरून बघताना एकमेकांत गुंतलेल्या खांबांचे आणि पात्यांचे जंगल. शिडाच्या नावा चालवणाऱ्यांना वाट अडण्याची भीती वाटत होती, मच्छीमारांना जाळ्यांची, किनाऱ्यावर राहणाऱ्यांना आवाजाची. उकरलेल्या गाळातला पारा पाण्यात पसरला तर काय, हा प्रश्नही होताच. निसर्ग संवर्धनाचे काम करणाऱ्यांतही दोन तट पडले.

संघाने या हरकतींना कागदी उत्तरे देऊन वेळ मारून नेली नाही. प्रकल्पाची संगणकीय छायाचित्रे तयार केली आणि शहराच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून चक्क्या कशा दिसतील ते लोकांपुढे ठेवले. व्याख्याने झाली, सभा झाल्या. आवाजाची शंका असणाऱ्यांना जमिनीवरच्या एका आधुनिक चक्कीखाली नेऊन उभे केले: पाती फिरताहेत, आता ऐका आणि तुम्हीच ठरवा. तज्ज्ञाचा अहवाल वाचून जी शंका फिटत नाही, ती चक्कीच्या पायथ्याशी पाच मिनिटे उभे राहून फिटते. संघाच्या साऱ्या प्रचारात ही एक गोष्ट सर्वांत शहाणपणाची होती.

आणि आराखडा बदलला. सत्तावीसच्या वीस चक्क्या झाल्या. दरम्यान दोन मेगावॉटची यंत्रे बाजारात आल्यामुळे एकूण क्षमता तेवढीच राखता आली. तीन रांगांची एक रांग झाली, आणि ती रांग सरळ न ठेवता मंद वळणाच्या कमानीत बसवली. कोपनहेगनच्या पश्चिमेला जुन्या तटबंदीची वर्तुळाकार रेषा आहे. समुद्रातली ही कमान त्याच रेषेशी नाते सांगते. सुमारे 3.4 किलोमीटर लांबीच्या कमानीत दर 180 मीटरवर एक चक्की.

या सौंदर्याची किंमत मोजावी लागली, आणि ती जाणूनबुजून मोजली गेली. चक्कीच्या पात्यांचा व्यास 76 मीटर आहे. म्हणजे दोन चक्क्यांमधले अंतर व्यासाच्या अडीचपटीहूनही थोडे कमी. वारा रांगेच्या दिशेने वाहू लागला की पुढच्या चक्कीने घुसळलेली, कमजोर झालेली हवा मागच्या चक्कीला मिळते आणि वीज घटते. नफ्याकडे डोळे लावून बसलेल्या कंपनीने एवढी दाटी केली नसती किंवा कमान तरी सोडून दिली असती. इथे मात्र रोज खिडकीतून चक्क्या बघणारे आणि चक्क्यांचे मालक ही बरीचशी तीच माणसे होती. दोन युनिट कमी चालतील, डोळ्यांना खुपणारे नको, असा कौल देणे त्यांना परवडले. निसर्ग संवर्धन संस्थेच्या स्थानिक शाखेनेही पुढे पाठिंबा दिला. शेवटच्या सुनावणीत पाठिंब्याची पत्रे मोठ्या संख्येने आली.

पैशाची घडी कशी बसवली, हे तर मराठी वाचकाने नीट बघावे असे आहे. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यापासून भाग, सभासद, सर्वसाधारण सभा हे शब्द आपल्या घरातलेच झाले आहेत.

संघाने 40,500 भाग काढले. एक भाग म्हणजे वर्षाला 1,000 युनिट वीज, किंमत 4,250 क्रोनर. सगळे मिळून सुमारे 17 कोटी 21 लाख क्रोनर. चार-पाच भाग घेतले की साध्या डॅनिश कुटुंबाच्या वर्षभराच्या विजेएवढी वीज आपल्या नावे समुद्रात तयार होते, हा हिशेब कोणालाही तोंडी करता येत होता. वीसही चक्क्यांकडून वर्षाला सुमारे नऊ कोटी युनिटची अपेक्षा होती. संघाच्या वाट्याला त्यातले निम्मे म्हणजे साडेचार कोटींच्या आसपास येत होते. भाग मात्र विकले ते चार कोटी पाच लाख युनिटचे. वारा लहरी असतो, हे आधीच धरून चालणारा हा हिशेब होता.

कायद्याच्या दृष्टीने संघ ही भागीदारी संस्था आहे. भागीदारीत एक धोका असतो: संस्था बुडाली तर देणे भागीदाराच्या घरापर्यंत येते. संघाने त्यावर साधा उपाय केला. संस्थेने कर्ज काढायचेच नाही, असे पोटनियमातच लिहून टाकले. ज्याला भागासाठी पैसे कमी पडतील त्याने स्वतःच्या नावावर बँकेचे कर्ज घ्यावे; भाग तारण ठेवून कर्ज द्यायला बँका तयार होत्या. संस्थेच्या डोक्यावर कर्जाचा बोजा नाही, त्यामुळे एखाद्या वर्षी वारा कमी पडला तर वाटप कमी होईल, पण जप्ती यायची नाही. आणि मत माणशी एक. एका भागाचा मालक आणि पन्नास भागांचा मालक सर्वसाधारण सभेत बरोबरीचे. येडिंगच्या दुग्धशाळेतला नियम एकशे पंधरा वर्षांनी समुद्रावर पोहोचला होता.

पूर्वी डेन्मार्कमध्ये चक्कीचा भाग फक्त त्या परिसरात राहणाऱ्यालाच, तोही मर्यादित संख्येने घेता येत असे. नव्वदच्या दशकात हे नियम सैल होत गेले. त्याचा फायदा संघाला मिळाला. परवानगी हाती येण्याच्या आधीच हजारो लोकांनी भाग घेण्याची तयारी कळवली होती. 2000 च्या शरद ऋतूपर्यंत सगळे भाग विकले गेले.

अंतिम परवानगी डिसेंबर 1999 मध्ये मिळाली. या तारखेला जोडून आणखी एक तारीख कोपनहेगनकरांच्या मनात आहे. सामुद्रधुनीच्या पलीकडच्या काठावर, डोळ्यांना दिसेल अशा अंतरावर, स्वीडनचे बार्शेबेक अणुवीज केंद्र होते. ते बंद व्हावे म्हणून डॅनिश लोकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले होते. त्याची पहिली अणुभट्टी 30 नोव्हेंबर 1999 रोजी बंद झाली. म्हणजे पलीकडे भट्टी थांबली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच अलीकडे चक्क्यांना मंजुरी मिळाली. दुसरी भट्टी 2005 मध्ये थांबली. मोर्च्यांत चालून पाय दमलेल्या पिढीतले कितीतरी लोक संघाचे सभासद झाले असतील, यात नवल नाही.

बांधकाम 2000 च्या वसंतात सुरू झाले आणि त्यात कोपनहेगनचा आणखी एक जुना वारसा कामी आला. बुर्माइस्टर आणि व्हाइन ही शहराची नामांकित जहाजबांधणी कंपनी. तिचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला होता. तिची भली मोठी सुकी गोदी रिकामी होती. जिथे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांचे सांगाडे उभे राहिले, तिथे आता चक्क्यांचे काँक्रीटचे पाये ओतले जाऊ लागले.

एकेक पाया म्हणजे सुमारे 1,800 टनांचा ऐवज. तळाशी रुंद, सपाट चकती. तिच्यावर वर निमुळता होत जाणारा खांब. आणि पाण्याच्या पातळीशी शंकूसारखा उतार. हिवाळ्यात ओरेसुंडमध्ये बर्फाचे थर वाहत येतात. सरळ खांबावर ते आदळले तर सगळा जोर खांबावर येतो, उतारावर मात्र ते चढून तुटतात. समुद्राचा तळ सगळीकडे एका पातळीत नसल्याने प्रत्येक पायाची उंची जागेच्या खोलीप्रमाणे वेगळी ठेवावी लागली. मनोऱ्याचा खालचा भाग गोदीतच पायावर चढवला. पुढे गोदीत पाणी सोडले, तरंगत्या क्रेनने हे धूड उचलले आणि समुद्रात नेऊन ठेवले. त्याआधी तळावरचा खराब गाळ काढून खडीची सपाट गादी तयार केली होती. हा गाळ उकरताना दूषित द्रव्ये पसरत नाहीत ना, यावर लक्ष ठेवण्याची अट होती आणि ती पाळली गेली. पाया नुसता आपल्या वजनावर बसतो. तळात खोल काही ठोकलेले नाही.

चक्क्या बोनस या डॅनिश कंपनीच्या. मनोऱ्यावरच्या यंत्रघराची उंची 64 मीटर, पात्याचे टोक सर्वांत वर जाते तेव्हा 102 मीटर. तयार झालेली वीज समुद्राखालच्या केबलने अमागर बेटावरच्या वीज केंद्रात येते. पहिल्या चक्क्या 2000 च्या अखेरीस फिरू लागल्या. मार्च 2001 पर्यंत वीसही सुरू झाल्या. कोपनहेगनच्या एकूण विजेच्या तीनेक टक्के वीज आता शहरासमोरच्या समुद्रातून येत होती. जगात सर्वांत मोठा असल्याचा मान फार काळ टिकला नाही. 2002 मध्ये डेन्मार्कच्याच पश्चिम किनाऱ्यावर हॉर्न्स रेव्हचा 160 मेगावॉटचा प्रकल्प झाला. पण तो वीज कंपन्यांचा होता.

सुरुवातीचे दिवस सोपे गेले नाहीत. मनोऱ्यांच्या तळाशी बसवलेले ट्रान्सफॉर्मर बिघडू लागले आणि ते बदलावे लागले. जमिनीवर असे काम एका दिवसाचे असते. समुद्रात आधी हवामान बघायचे, मग बोट, मग अवजड यंत्र मनोऱ्याच्या दारातून आत-बाहेर करण्याची कसरत. तोवर चक्की बंद. पण संघाच्या डोक्यावर कर्जाचे हप्ते नव्हते, दुरुस्तीचा निर्णय सभासदांच्या मंडळाच्या हाती होता आणि सोबतीला वीज कंपनीचे अभियंते होते. ते दिवस निभावले. त्यानंतर चक्क्यांनी अपेक्षेइतकी, चांगल्या वर्षांत अपेक्षेहून जास्त वीज दिली.

संघाच्या कारभाराचा चेहरा म्हणून पुढे बरीच वर्षे अध्यक्ष एरिक क्रिस्टियान्सन यांचे नाव घेतले गेले. देशोदेशींहून येणाऱ्या शिष्टमंडळांना बोटीत बसवून चक्क्यांपर्यंत न्यायचे आणि हिशेबाचे कागदही दाखवायचे, हा संघाचा शिरस्ता पडला. सभासदांसाठी आणि लोकांसाठी ‘चक्की उघडी’ असे दिवस ठेवले जातात. त्या दिवशी बोटीने पायथ्याशी उतरायचे, हेल्मेट आणि दोराचा पट्टा बांधायचा आणि मनोऱ्याच्या आतल्या शिडीने एकेक मजला चढत थेट यंत्रघरात जायचे. वरचे झाकण उघडले की एका बाजूला शहराचे मनोरे, दुसऱ्या बाजूला स्वीडनचा किनारा, आणि पायाखाली आपण ज्याचे पैसे भरले ते जनित्र. भागाच्या दाखल्यावर छापलेले हजार युनिट कुठून येतात, हे इथे हाताने चाचपून बघता येते. किती संस्था आपल्या भागधारकाला अशी मालमत्ता दाखवू शकतील?

आपल्याकडेही, साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर, नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून चक्क्यांची रांगच रांग उभी राहिली. तिथला वारा कोपनहेगनच्या तोडीचा नसला तरी कमी नाही. मालकी मात्र बहुतेक कंपन्यांची, आणि गुंतवणुकीमागे घसाऱ्यावरची करसवलत हे मोठे कारण. पठारावरच्या गावकऱ्याला जमिनीचा मोबदला मिळाला असेल, पहारेकऱ्याची नोकरी मिळाली असेल. चक्कीचा भाग त्याच्यापुढे कोणी ठेवला नाही. साखर, दूध आणि पतपेढी सहकारात उभी करणाऱ्या या राज्यात वाऱ्याची संस्था निघू नये, ही खंत मनातून जात नाही.

डेन्मार्कमध्येही दिवस सारखे राहिले नाहीत. 2001 च्या सुमारास लाखाहून अधिक डॅनिश कुटुंबे कुठल्या ना कुठल्या चक्कीची भागधारक होती. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकार बदलले आणि आधाराची धोरणे आटली. चक्क्या मोठ्या आणि महाग होत गेल्या. गावाने वर्गणी काढून विकत घ्यावी अशी चक्की राहिली नाही. जुन्या छोट्या चक्क्या काढल्या गेल्या तसे त्यांचे संघही विसर्जित झाले. मोठ्या कंपन्या आल्या की स्थानिकांचा विरोधही वाढू लागला.

जिथे लोकांनी मालकी सोडली नाही तिथले चित्र वेगळे होते. साम्सो बेटावर, जेमतेम चार हजारांच्या वस्तीत, 2000 मध्ये जमिनीवर अकरा आणि 2003 पर्यंत समुद्रात दहा चक्क्या उभ्या राहिल्या. समुद्रातल्या दहापैकी पाच तिथल्या नगरपालिकेच्या. बाकीच्यांत शेतकऱ्यांचे आणि लहान भागधारकांचे पैसे होते. कोपनहेगनच्या दक्षिणेला ह्विदोव्रेच्या किनाऱ्याजवळ 2009 मध्ये नव्या, अधिक मोठ्या चक्क्या बसल्या तेव्हा त्यातही नागरिकांच्या संघाने आपला वाटा घेतला.

2008 मध्ये डॅनिश संसदेने अक्षय ऊर्जेचा कायदा केला. नवी पवनचक्की उभारणाऱ्याने प्रकल्पाचे किमान 20 टक्के भाग स्थानिकांना मूळ किमतीला देऊ केले पाहिजेत, असे कलम त्यात घातले. साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, अठरा वर्षांवरील प्रत्येक रहिवाशाचा त्यावर पहिला हक्क होता. 2020 मध्ये हे कलम रद्द झाले. मिडलग्रुंडनच्या सभासदांनी कुठल्याही सक्तीशिवाय पन्नास टक्के उभे केले होते. कायद्याने विकासकांकडून त्याच्या निम्म्याहूनही कमी मागितले. तरी तेही अनेक ठिकाणी नीट साधले नाही. भाग देऊ केले गेले ते आराखडा पक्का झाल्यानंतर, आणि चक्क्या किती, कुठे, कशा, हे विचारायला कोणी आले नव्हते. मिडलग्रुंडनला भाग विकायच्या आधी तीन वर्षे सुनावण्या झाल्या होत्या आणि सत्तावीसच्या वीस चक्क्या झाल्या होत्या. संघाकडे चौकशीला येणाऱ्या नव्या संस्थांनी भागाची किंमत विचारण्याआधी त्या तीन वर्षांचे कागद मागून घ्यावेत.